दिवाणखान्यात भात

कातळवाडी, जि. रत्नागिरी
१८ जानेवारी २००४

तहा,

सलाम. तुझं पत्र पोचलं, वाचलं, पण अम्मीला वाचून दाखवलं नाही. त्यात तू मला 'ठार वेडी' म्हटलंयस आणि अम्मीने ते लगेच मान्य केलं असतं.

इ-मेल का करत नाहीस म्हणून विचारतोस. अरे बाबा, कॉम्प्युटर क्लासमधला इ-मेल आमचे सर उघडतात, आणि सर आहेत तुझ्या अब्बांचे शाळासोबती. मी तुला काय लिहिते ते मस्कतला तुझ्याआधी बडे अब्बांना कळायचं. म्हणून पत्रच बरं. दहा-बारा दिवस लागतात तर लागू देत.

तर माझा वेडेपणा. गेल्या मेमध्ये तू ती गेमची सीडी आणलीस, क्लासच्या मशीनवर टाकून दिलीस आणि ठरवलंस की दोघांनी आपापल्या मशीनवर, पण एकाच नकाशावर शहर वसवायचं, शंभर खेळ्या झाल्या की कुणाचं मोठं ते बघायचं. वस्त्यांचे आकडे तेवढे इ-मेलने कळवायचे, ते सरांनी वाचले तरी चालतात. नकाशा एकच, जागा ज्याची त्याने निवडायची. तू निवडलास नदीकाठचा हिरवागार चौकोन, गव्हाची ओंबी काढलेला. मी शेजारच्या काळ्या खडकावर बसले. खडकात काही पिकत नाही हे मला दिसतं रे, डोळे शाबूत आहेत माझे. पण नियम तूच समजावलास ना? शहराला खायला घालतात ते त्याच्या आजूबाजूचे चौकोन. ज्या चौकोनावर शहर बसतं त्यातलं पीक गाडलं जातं. आणि शहर वाढलं की ते पसरतं, पसरेल तिथलंही पीक कायमचं जातं. मग चांगल्या जमिनीवर बसायचं कशाला? आमच्याकडे कुणी बसत नाही. घर कातळाच्या कडेला, मळा पोटाला. एवढं तर इथल्या कोंबड्यांनाही कळतं.

बडे अब्बांचा दुकानावर फोन आला होता. घर बांधायचं म्हणाले, सगळ्यांसाठी, आम्हालाही त्यात धरून. अम्मीने दोन दिवस खोबऱ्याच्या वड्या वाटल्या. अब्बा गेल्यापासून तिला इतकी खूश पाहिली नव्हती. कुठे बांधणार ते मात्र बोलले नाहीत. तुला माहीत असेल तर लिही.

तस्नीम

*

मस्कत
५ फेब्रुवारी २००४

तस्नीम,

कोंबड्यांना माझा सलाम सांग. चाळीस खेळ्या झाल्या, माझ्या शहरात सहा वस्त्या आहेत, बाजार आहे, कोट आहे. तुझं काय? तीन? खडक चघळत बसा म्हणावं लोकांना.

घराबद्दल विचारलंस म्हणून सांगतो, प्लॅन मीच काढलाय! इथे ऑफिसात मोठा आलेखाचा कागद मिळाला, त्यावर पेन्सिलीने. अब्बांनी बघितला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. ते असं कधी करत नाहीत. जागा म्हणजे रस्त्यालगतची ती मोकळी सपाट जागा, जिथे आपण मे महिन्यात क्रिकेट खेळायचो आणि मी तुला पायचीत दिलं म्हणून तू तुझ्या अब्बांकडे, करीमचाचांकडे, तक्रार घेऊन गेली होतीस. समोर मोठा दिवाणखाना, मागे चार खोल्या, त्यातल्या दोन तुमच्या. खतिजाचाचीला मुंब्र्यात आम्ही राहायचो त्या अख्ख्या घराएवढं किचन. गाडी थेट दारात. दादू मिस्त्रीला काम दिलंय, मेमध्ये पाया घालणार.

आता बोल. वेडं कोण?

तहा

*

कातळवाडी
२१ फेब्रुवारी २००४

तहा,

मोकळी जागा? मोकळी जागा?? अरे तो आमचा मळा आहे!

तू मे महिन्याचा पाहुणा. शाळेला सुट्टी लागली की यायचास, आंबे संपले की जायचास. सात जूनच्या पुढे तू हे गाव बघितलंयस का कधी? मेमध्ये भात निघून गेलेलं असतं, गवत जळून गेलेलं असतं, जमीन फरशीसारखी टणक होते आणि तुम्हा चाकरमान्यांच्या पोरांना वाटतं, वा, काय मैदान आहे! जुलैत ये. तुझ्या त्या खेळपट्टीवर गुडघाभर पाणी असतं. वरच्या कातळावर पडलेला सगळा पाऊस उतरून तिथे येतो आणि थांबतो. म्हणून तर तिथे भात होतं. या वाडीत बारमाही पोटाला पुरेल असा मळा एकच आहे आणि त्यात तू दिवाणखाना काढलायस. पेन्सिलीने.

अब्बा गेले तेव्हा सगळे म्हणाले होते, खतिजा आता माहेरी जाईल. ती गेली नाही. त्या वर्षी लावणीच्या वेळी तिची इद्दत चालू होती, चार महिने दहा दिवस घराबाहेर पाऊल नाही, ती ओटीवर बसून रडायची आणि शेजारच्या भिकाजीची बायको सगुणा आमची लावणी करून गेली. पुढच्या वर्षी अम्मी स्वतः चिखलात उतरली. तेव्हापासून आम्ही कुणापुढे हात पसरला नाही. मळा गेला तर मोठ्या किचनमध्ये बसून तुमच्याकडून तांदूळ यायची वाट बघायची का आम्ही? वाढा हो, म्हणून?

अम्मीला जागा कळली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "भाईजान मोठे आहेत." आणि विहिरीवर गेली. दीड घागर पाण्याला तिला दुपार लागली.

तर ऐक, पैज. शंभराव्या खेळीला माझं शहर मोठं निघालं, तर तू तो कागद फाडायचास, घर कातळाच्या कडेला काढायचंस आणि तुझ्या अब्बांना स्वतः सांगायचंस. मी हरले तर तोंडातून शब्द काढणार नाही. आहे हिंमत?

तस्नीम

*

मस्कत
१२ मार्च २००४

तस्नीम,

पैज मंजूर. पण आधी माझं ऐकून घे, नुसती भांडू नकोस.

मी अब्बांना विचारलं, वर कातळावर का नको? त्यांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, दादांना, आपल्या आजोबांना, हृदयाचा त्रास झाला तेव्हा त्यांना वरच्या घरातून डोलीत घालून खाली आणलं. पायवाट, खडक, पाऊस. डोलीच्या पुढच्या दांड्याला अब्बा स्वतः होते, सतरा वर्षांचे. रस्त्यावर पोचले आणि मागे वळून बघितलं तर दादा गेलेले. गाडी उभी होती गं, इंजिन चालू होतं. तेव्हापासून ते म्हणतात, माझं घर रस्त्याला लागून असेल, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल. एवढ्यासाठी ते इतकी वर्षं इथे उन्हात काढताहेत.

त्यांना मी कसं सांगू की वर बांधा? आणि भराव घालून जोतं उंच घेता येतं, पाणी आत येणार नाही. मी काही अगदीच बैल नाही.

सत्तर खेळ्या. मी नऊ, तू सहा. तोंड बंद ठेवायची सवय करून घे.

तहा

*

कातळवाडी
४ एप्रिल २००४

तहा,

दादांचं मला माहीत नव्हतं. अम्मीला विचारलं. ती म्हणाली, हो, आणि त्या रात्रीपासून भाईजानने डोलीला हात लावला नाही, कुणाच्याही. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. खरंच.

आता पैजेचं. शंभर खेळ्या काल झाल्या. तुझ्या अकरा वस्त्या, माझ्या दहा. हरले. एका वस्तीने, पण हरले.

आणि शब्द मोडते. ऐकलंस? दिलेला शब्द मोडते आणि लाजत नाही. शब्द दिला तेव्हा वाटलं होतं गेम गावासारखा असेल. नाहीये. त्या नकाशात पावसाळा नाही, त्यात कुणी विधवा बाई लावणी करत नाही, आणि शंभर खेळ्या झाल्या की आपली पैज थांबते. आमचं पोट शंभराव्या खेळीला थांबत नाही. तुझ्या भरावाचंही सांगते. वरून येणारं पाणी भरावाला अडून शेजारी भिकाजीच्या मळ्यात घुसेल. म्हणजे आमचं तर जाईलच, त्याचंही जाईल.

मी पुढे खेळत राहिलेय. तूही थांबू नकोस. तुझं शहर आता पसरायला लागेल. ते कशावर पसरतं ते बघ आणि मला कळव.

बडे अब्बांचं दुःख खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण दादा मळ्यामुळे गेले नाहीत, वाट नव्हती म्हणून गेले. मळ्यात घर बांधून ती वाट कशी काय होणार, तेवढं मला समजावून सांग.

तस्नीम

*

मस्कत
२५ एप्रिल २००४

तस्नीम,

शब्द मोडणाऱ्या माणसाला काय समजावायचं?

तुझं पत्र टेबलावर राहिलं, ते अब्बांनी वाचलं. सगळं. मला वाटलं ओरडतील. ते म्हणाले, "करीमची पोर फार शिकली." एवढंच, आणि चष्मा पुसत बसले. मग दादूला फोन लावून सांगितलं की वीस मेच्या आत रेघा मार, पावसाआधी जोतं वर आलं पाहिजे. हे तुझ्यामुळे. नाहीतर मेमध्ये नुसता पाया घालून बाकीचं दिवाळीनंतर केलं असतं कदाचित.

गेमला मला वेळ नाही. ऑफिसात काम आहे.

तहा

*

कातळवाडी
२८ मे २००४

तहा,

घडलं ते जसंच्या तसं लिहिते. बडे अब्बांनाही हे वाचू दे, टेबलावरच ठेव.

दादू मिस्त्री तुझा कागद घेऊन आला आणि मळ्यात चुन्याची फक्की मारली. पांढऱ्या रेघा, अगदी तुझ्या पेन्सिलीबरहुकूम. दिवाणखाना, चार खोल्या, किचन. माणसं परवा घेऊन येतो म्हणाला आणि गेला. मी बांधावर उभी राहून त्याच्याशी भांडले, तुझ्याशी भांडले, बडे अब्बांशी भांडले, घसा बसला माझा. अम्मी एक अक्षर बोलली नाही. मला तिचाही राग आला. म्हटलं, "अम्मी, नाही म्हण ना एकदा तरी! तोंड शिवलंय का तुझं?"

ती म्हणाली, "जेठाला, थोरल्या दिराला, कुणी नाही म्हणतं का? मी नाही म्हणत नाही."

आणि माळ्यावर चढून पेंढ्यात बांधलेली बियाण्याची मुडी खाली काढली.

त्याच्या आदल्याच दिवशी वळीव येऊन जमीन जराशी नरमली होती. भिकाजी आपलं जोत, बैल नि नांगर, घेऊन आला. त्याला बोलवायला कोण गेलं होतं मला ठाऊक नाही, मी गेले नव्हते. नांगर फक्कीच्या रेघांवरून आडवा गेला, तुझ्या दिवाणखान्याच्या भिंतीतून शिरला आणि किचनमधून बाहेर पडला. सगुणा आणि मी ढेकळं फोडत होतो. आणि अम्मी, डोक्यावर पदर घट्ट घेऊन, कमरेला टोपली लावून, बिस्मिल्ला म्हणाली आणि धुळीत भात पेरत सुटली. धूळवाफेची पेरणी म्हणतात याला, पावसाआधी कोरड्यात बी टाकायचं. एरवी आम्ही तरव्यासाठी, म्हणजे लावणीच्या रोपांसाठी, वरचा एक तुकडा तेवढा पेरतो. यंदा अख्खा मळा. तुझ्या खोलीत अम्मीने स्वतः दोनदा मूठ टाकली. म्हणाली, "पोराची खोली आहे, रिकामी नको."

मी हसले की रडले मला कळलं नाही. कित्येक महिने मी पत्रांतून पैजा मारत होते आणि ही बाई मुडीकडे बघत वळवाची वाट पाहत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी दादू चार माणसं घेऊन आला. कुदळी खांद्यावर. बांधावर आला आणि थांबला. वाकून माती उचलली, तळहातावर चोळली, त्यात दाणे.

"भाबी, हे पेरलंस?"

"पेरलं," अम्मी म्हणाली.

"सगळं?"

"किचनसकट."

दादूने कुदळ खाली ठेवली. माणसांनीही ठेवल्या. इथे पेरलेल्या जमिनीत कुणी कुदळ घालत नाही, तहा. गुरं शिरली तर दगड मारतात, माणूस शिरला तर त्याला चार गावं नावं ठेवतात. हिंदू असो, मुसलमान असो. दादू म्हणाला, "भाईंना काय सांगायचं ते मी सांगतो. पण माझ्या हातून नाय व्हायचं. माझ्या घरात पण भातच खातात." मग चहा घेऊन गेला. साखर जास्त मागितली.

तर बडे अब्बांना सांग, आम्ही नाही म्हटलेलं नाही. आम्ही पेरलंय. दुसरा मिस्त्री आणायचा असेल तर आणा. अम्मी बांधावर बसलेली असेल, तिच्या शेजारी मी.

तस्नीम

*

मस्कत
२० जून २००४

तस्नीम,

पत्र टेबलावर ठेवलं होतं. अब्बांनी वाचलं, घडी घातली, खिशात टाकलं. आठवडाभर ते त्यांच्या खिशातच होतं. अम्मा त्यांना जेवायला हाक मारायची तर यायचे, जेवायचे आणि उठायचे. एका रात्री मला विचारलं, "माझ्या खोलीत पण पेरलं असेल का गं तिने?" मला 'गं' म्हणाले. बहुतेक मनात तुझ्याशी बोलत होते.

काल त्यांनी तिकीट काढलं. जुलैत येताहेत, एकटे. ऐन पावसात ते किती वर्षांनी येताहेत त्यांनाच ठाऊक. कशाला, ते सांगत नाहीत. मला रजा नाही, नाहीतर मधे पडायला आलो असतो. चाचीला सांग, घाबरू नको. तुला सांगून काही उपयोग नाही, तू घाबरत नाहीस आणि तीच भीती आहे.

आणि गेम. मी खेळलो. वेळ नाही म्हणालो ते खोटं होतं, मी रोज खेळत होतो. शहर पसरलं आणि आजूबाजूचं एकेक शेत गिळत गेलं. धान्याचे चौकोन संपले, लोक उपाशी, वस्त्या रिकाम्या व्हायला लागल्या. आता पाच उरल्यात. बाजार आहे, कोट आहे, खायला नाही.

तुझं किती झालं? नको, सांगू नकोस. बरं, सांग.

तहा

*

कातळवाडी
१ ऑगस्ट २००४

तहा,

बडे अब्बा सुखरूप पोचले आणि परवा सुखरूप परत निघाले, हे आधी सांगते, म्हणजे तू पुढचं शांतपणे वाचशील.

आले तेव्हा पाऊस मुसळधार होता. रिक्षातून रस्त्यावर उतरले ते घराकडे आलेच नाहीत. छत्री धरून मळ्याच्या बांधावर उभे राहिले. दाट उगवलेली रोपं उपटून मोकळ्या जागी केलेली लावणी नुकतीच संपली होती. पाणी गुडघाभर, त्यात रोपं ओळीने. मी धावत गेले. भांडायची सगळी तयारी करून गेले होते, वाक्यं पाठ होती. त्यांनी विचारलं, "दिवाणखाना कुठे येत होता?" मी हात करून दाखवला. "आणि माझी खोली?" तीही दाखवली. तेवढ्यात एसटी गेली. खिडकीतून कुणीतरी म्हातारं डोकं बाहेर काढून ओरडलं, "मळा बेस झालाय हो यंदा!" बडे अब्बांनी त्याला हात केला. ओळख ना पाळख. ती एसटी वळणापलीकडे जाईपर्यंत ते तिकडेच बघत होते.

रात्री जेवायला बसले. बांगड्याचं सार, आमच्या गेल्या वर्षीच्या लाल तांदळाचा भात. अम्मी वाढत होती, पदर तोंडावर. बडे अब्बा म्हणाले, "खतिजा, मी माझा बेत सोडलेला नाही. पीक निघू दे. मग बांधू."

अम्मी म्हणाली, "बरं, भाईजान. भात निघालं की मी पावटा पेरणार आहे."

"पावटा निघाल्यावर बांधू."

"मग पालापाचोळा जाळून भाजावळ करायची असते."

"त्याच्यानंतर?"

"त्याच्यानंतर धूळवाफ," अम्मी म्हणाली आणि भाताचा डाव तसाच हातात धरून उभी राहिली. पहिल्यांदाच तिने त्यांच्याकडे सरळ बघितलं. अब्बा गेल्यानंतरची ती सगळी वर्षं त्या बघण्यात होती, तहा. अशी भावजय कुणाच्या घरात खपवून घेतात?

बडे अब्बांनी ताट पुढे सरकवलं. म्हणाले, "वाढ."

सकाळी मी उठले तर बडे अब्बा अंथरुणात नव्हते. शोधत वर गेले. कातळाच्या कडेला, आपल्या जुन्या घराचा चौथरा आहे तिथे, ते आणि दादू मिस्त्री पावसात उभे. एकाच्या हातात दोरीचं एक टोक, दुसऱ्याच्या हातात दुसरं. मला वाटलं घराचं माप घेताहेत. पण दोरी घरासाठी नव्हतीच. ती चौथऱ्यापासून खाली रस्त्याकडे धरली होती. जुनी पायवाट जाते तिथून, मळ्याच्या कडेकडेने, मळ्याला न शिवता. बडे अब्बा दादूला सांगत होते, "जांभ्या दगडाची पायऱ्यापायऱ्यांची पाखाडी नको. गाडी वर आली पाहिजे. इंजिन चालू ठेवून वर आली पाहिजे, दारापर्यंत." दादू म्हणाला, "होईल भाई, आधी वाट करू. घर मागाहून." मी परत फिरले. तिथे माझं काही काम नव्हतं.

जाताना अम्मीने त्यांच्या बॅगेत नवी मुडी कोंबली, तांदळाची. मस्कतला भात मिळत नाही की काय! त्यांनी मुकाट्याने नेली.

तर तुझा आलेखाचा कागद काढ आणि खोडरबर घे. दिवाणखान्याच्या खिडक्या मळ्याकडे कर, अम्मीने सांगितलंय. आधी वाट काढ. आणि या वेळी रजा पावसात घे, मे महिन्यात आलास तर दारात उभं करणार नाही.

माझं शहर सतरा वस्त्यांचं झालं. खडकावरच पसरलं. पैज मी हरलेलीच आहे आणि शब्द मोडलेलाच आहे. पुन्हा वेळ आली तर पुन्हा मोडीन.

तस्नीम